पुठ्ठ्याची गोदावरी आणि आपण इंजिनिअर

किटचे पार्ट जोडून झाले की आपण सर्रास म्हणतो, ‘मी बनवलं.’ खरंच बनवलं का हो? डब्यात जे होतं तेच बाहेर आलं. आधी ते सुटं होतं, आता चिकटलेलं आहे, एवढाच फरक! प्रश्न फालतू वाटेल, पण चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून डिग्री हातात घेणाऱ्या पोरापोरींसाठी मला तरी याहून मोठा प्रश्न दिसत नाही. आपण बनवायला शिकतोय की जोडायला?

या प्रश्नाचं उत्तर मला एका युद्धनौकेने दिलं, म्हणून आज तिच्याबद्दल लिहितेय. नौका पुठ्ठ्याची आहे. लांबी 63 सेंटीमीटर, माप एकास दोनशे, नाव आयएनएस गोदावरी. ही मिहानपासून हाकेच्या अंतरावरच्या हॉस्टेलच्या खोलीत तयार झाली. समुद्र इथून आठशे किलोमीटर! साहजिकच प्रत्येकाने विचारलं, ‘कायले बे? नागपुरात जहाज कायले?’

आधी हे ‘कायले’ निस्तरून टाकू. आपली नाग नदी, जिला आपण नाला करून ठेवलंय, ती कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला. म्हणजे धंतोलीच्या पुलाखालून वाहणारं पाणी शेवटी गोदावरीतूनच बंगालच्या उपसागरात जातं. नागपूर समुद्रापासून लांब असेल, तुटलेलं नाही. शिवाय आपल्याकडे एनसीसीचे नौदल कॅडेट आहेत, आणि अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात पोहणं, वल्हवणं, फायरिंग यांच्याबरोबर जहाजाची मॉडेल्स करण्याचीही स्पर्धा असते. तेव्हा मी काही जगावेगळं केलेलं नाही.

पण जहाजच का, आणि त्यातही युद्धनौकाच का? कारण मेकॅनिकलच्या पोरांना याहून निर्दय परीक्षक मिळणार नाही. पुठ्ठ्याचं घर कसंही केलं तरी टेबलावर उभं राहतं. पुठ्ठ्याची कार ढकलली की चालते. जहाज मात्र पाण्यात सोडावं लागतं, आणि पाणी कुणाची ओळख ठेवत नाही. व्हायवाला सर ओळखीचे निघाले तर दोन मार्क जास्त मिळतील, टाक्यातल्या पाण्याकडून एक मिलिमीटरही जास्त मिळत नाही. त्यातून युद्धनौका म्हणजे जागेची आणि वजनाची मारामारी. तोफ उंचावर हवी, रडार त्याहून उंच हवं, हेलिकॉप्टर ठेवायचं, इंधन भरायचं, आणि एवढं करून तिने पळायचंही. प्रत्येक गोष्ट दुसरीच्या मुळावर उठलेली असते. इंजिनिअरिंग म्हणजे अजून वेगळं काय असतं?

आता सामान ऐका. लग्नपत्रिका, कारण त्यांच्यासारखा ताठ आणि गुळगुळीत पुठ्ठा दुकानात शोधून सापडत नाही, आणि आपल्याकडे त्या फुकट येतात, किलोने येतात. बुटांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा. केरसुणीच्या काड्या, संपलेल्या रिफिली, टाचण्या, शिवणाचा दोरा, आगपेटीच्या काड्या, रिकाम्या कॅप्सूल. लाइफराफ्टची ती पांढरी पिंपं असतात ना, त्यांच्या जागी कॅप्सूल हुबेहूब बसते! रडारसाठी मच्छरदानीची जाळी. विकत आणलं ते फेविकॉल, एमसील, पॉलिश पेपर आणि ऑइल पेंट. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि नसती तरी मी तो घेतला नसता. थर्मोकोलचं काहीही तरंगतं, मग शिकणार काय?

पहिली अडचण मापांची. या जहाजाचा ड्रॉइंग सेट दुकानात मिळत नाही. माहीत असलेले आकडे तीन : लांबी 126.5 मीटर, रुंदी 14.5 मीटर, पाण्याखालची खोली साधारण साडेचार मीटर. बाकी सगळं फोटोंतून. बाजूने काढलेला फोटो प्रिंट करायचा, त्यावर पट्टी ठेवायची, पूर्ण लांबी म्हणजे 126.5 मीटर धरायचे, आणि मग डोलकाठी किती, हॅंगर किती, तोफ कुठे, हे त्रैराशिकाने काढायचं. डेकवर उभ्या खलाशाच्या उंचीशी ते ताडून बघायचं. फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे जे शीट आपण सिनिअरच्या शीटवर काच ठेवून आणि खालून बल्ब लावून उतरवतो, त्याचा अर्थ मला या कामात लागला. फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू एकमेकांशी का जुळावे लागतात हे आपण पाठ करतो. इथे ते जुळले नाहीत तर फासळी कण्यावर बसतच नाही.

कणा म्हणजे कील आणि फासळ्या म्हणजे आडवे छेद. हे शब्द मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवले नव्हते. ‘कील’ माहीत होतं, ‘बल्कहेड’ माहीत होतं, पण ‘ओळंबा’ हा शब्द मला कॉलेजच्या नव्या बिल्डिंगवर काम करणाऱ्या एका गवंडीकाकांनी दिला आणि ओळंब्याचा उपयोगही त्यांनीच दाखवला. ओळंब्याशिवाय वीस फासळ्या एका रेषेत उभ्या राहत नाहीत. मग त्यांच्यावर पत्रिकांच्या पट्ट्या, वर फेविकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राचा थर, मग पॉलिश पेपर, मग रंगाचे तीन हात.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि खरी मजा इथेच आहे. लांबी दोनशेपट कमी झाली तर वजन किती पटीने कमी होईल? वर्गात विचारलं तर निम्मी पोरं ‘दोनशे’ म्हणतात. नाही! लांबी, रुंदी, उंची तिन्ही दोनशेपट कमी, म्हणजे वजन 200 × 200 × 200, अर्थात 80 लाख पटीने कमी. खऱ्या गोदावरीचं वजन 3,600 टन धरलं, म्हणजे 36 लाख किलो. भागा 80 लाखांनी. साडेचारशे ग्रॅम! समुद्राचं पाणी जड आणि आपल्या टाक्यातलं हलकं, त्यासाठी अकरा ग्रॅम वजा करा. म्हणजे माझी नौका बरोबर 439 ग्रॅमची झाली तरच तिची लाल-काळी पाणरेषा पाण्यावर येणार. शेवटच्या आठवड्यात मी रंगाचा हात देतानाही काट्यावर वजन करत होते. साडेतीन हजार टनांचं पोलादी जहाज आणि किराणा दुकानातला पावशेर-पावशेर पोह्यांचा दोन पुड्यांचा हिशेब, एकाच सूत्रात! फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात आर्किमिडीज पहिल्या पानांवर आहे, पण तो असा अंगावर येत नाही.

तिसरी गोष्ट स्थिरतेची. स्वीडनच्या राजाने बांधून घेतलेली वासा ही युद्धनौका 10 ऑगस्ट 1628 रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्यांदा निघाली आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन, सगळ्या शहरादेखत, वाऱ्याच्या झुळकीने आडवी होऊन बुडाली. तोफांचे दोन मजले, वरचा भार जास्त. विशेष म्हणजे निघण्याआधी तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे धावायला लावून चाचणी घेतली होती, आणि जहाज इतकं डोललं की चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. कळलं होतं, पण सांगणार कोण! हीच चाचणी मी केली, माणसांऐवजी पाच रुपयांच्या नाण्याने. काट्यावर सहा ग्रॅम भरलेलं नाणं डेकच्या मधून तीन सेंटीमीटर बाजूला सरकवलं, आणि डोलकाठीला टांगलेल्या दहा सेंटीमीटरच्या ओळंब्याचं टोक आठ मिलिमीटर हललं. सूत्रात घाला : मेटासेंट्रिक हाइट आली पाच मिलिमीटर. दोनशेने गुणा, एक मीटर. परीक्षेत सात मार्कांना येणारं जी-एम मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. मग डेकवर चार चमचे पाणी ओतून बघितलं. नौका कललेल्या बाजूला ते पाणी धावतं आणि तिला अजून कलवतं. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर फेब्रुवारी 1942 मध्ये नॉर्मंडी नावाचं अवाढव्य जहाज आगीपेक्षा आग विझवायला ओतलेल्या पाण्यानेच आडवं झालं, ते कसं, हे चार चमच्यांत कळतं.

वेगाचंही तसंच. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला टॉर्की इथे लांब टाकी बांधली आणि मेणाची छोटी जहाजं ओढून मोठ्या जहाजांचा विरोध मोजला. त्याच्या नियमाप्रमाणे मॉडेलचा वेग मापाच्या वर्गमुळाने भागायचा. गोदावरीचे 27 नॉट म्हणजे तासाला 50 किलोमीटर. भागा चौदाने. साडेतीन किलोमीटर, म्हणजे आरामात चालण्याचा वेग! दोऱ्याने नौका ओढत टाक्याच्या कडेने चालत गेले की नाळेशी तशीच लाट उठते जशी फोटोत उठलेली आहे. विशाखापट्टणमला नौदलाच्या प्रयोगशाळेत याच कामासाठी पाचशे मीटर लांबीची टाकी आहे. आपल्या टाक्याची लांबी सांगत नाही, पण नियम तोच.

आता गोदावरीच का, हे सांगते, कारण माझा खरा मुद्दा तिच्याच गोष्टीत आहे.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस नीलगिरी 1972 साली नौदलात आली. भारतात बांधलेली पहिली मोठी आधुनिक फ्रिगेट. पण तिचं डिझाइन ब्रिटिश, लिअँडर जातीचं. एका अर्थाने ते किटच होतं, अवाढव्य किट. मात्र आपल्या लोकांनी ते नुसतं जोडलं नाही, तर जोडता जोडता वाचलं. अशा सहा नौका बांधल्या आणि पुढच्या पुढच्या नौकेत आपले बदल केले. शेवटच्या दोघींवर, तारागिरी आणि विंध्यगिरीवर, मोठं सी किंग हेलिकॉप्टर बसवलं. आणि मग नौदलाच्या डिझाइन विभागाने ठरवलं, आता कोऱ्या कागदावरून. हवी होती दोन सी किंग, रशियन क्षेपणास्त्रं, रशियन तोफ, भारतीय सोनार, असलं कधी कुणी एका जहाजावर न मांडलेलं बिऱ्हाड. इंजिन मात्र तेच, लिअँडरचं वाफेवरचं 30,000 हॉर्सपॉवरचं. नौका तेरा मीटरने लांबवली आणि तरीही 27 नॉट वेग राखला. आयएनएस गोदावरी डिसेंबर 1983 मध्ये नौदलात दाखल झाली, भारतात डिझाइन केलेली पहिली फ्रिगेट. बत्तीस वर्षं सेवा करून 23 डिसेंबर 2015 रोजी निवृत्त झाली. नीलगिरी ते गोदावरी, अकरा वर्षं. किटपासून कोऱ्या कागदापर्यंतचं अंतर एवढंच असतं, पण ते चालावं लागतं.

आता खिडकीतून बाहेर बघा. मिहान! आपण शाळेत होतो तेव्हापासून ऐकत आलोय, मिहान येणार, मिहान येणार. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुहीच्या लोकांच्या जमिनी यासाठी गेल्या. त्यातल्या काही घरांतली पोरं आज आपल्याबरोबर शिकतात. मिहान आलं, हे खरंच आहे. टाटांच्या कारखान्यात बोईंग 787 साठी हजारो फ्लोअर बीम बनले. बोईंगची विमानं दुरुस्त करायचं केंद्र 2015 साली सुरू झालं. दसॉ-रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी 2017 मध्ये झाली, तिथे फाल्कनचे भाग बनू लागले, आणि जून 2025 मध्ये जाहीर झालं की पूर्ण फाल्कन 2000 विमान इथेच जोडलं जाईल, 2028 पर्यंत पहिलं उडेल. अभिमानाची गोष्ट आहे, मी नाक मुरडणार नाही. विमानाचा बीम बनवणं सोपं नसतं, एका केसाइतकी चूक चालत नाही.

पण ड्रॉइंग कुणाचं? सिएटलचं किंवा फ्रान्सचं. मिहान आज नीलगिरीच्या टप्प्यावर आहे. नीलगिरीचा टप्पा वाईट नाही, तो लागतोच. प्रश्न हा आहे की ड्रॉइंग वाचता वाचता ‘हे असंच का?’ विचारणारी माणसं तिथे जाणार आहेत की नाही. ती माणसं कुठून येणार? आपल्यातूनच ना!

आणि आपण काय करतोय? फायनल इयरचं प्रोजेक्ट शहरात रेडिमेड मिळतं. मॉडेल, रिपोर्ट, पीपीटी, व्हायवाचे प्रश्न-उत्तरं, सगळं पॅकेज. रक्कम भरा, बाइंडिंगचा रंग सांगा. मी कुणा एकाकडे बोट दाखवत नाही, दुकानं आहेत कारण गिऱ्हाईक आहे. पण विचार करा, आपण नीलगिरीच्याही मागे आहोत. नीलगिरीवाल्यांनी किट निदान स्वतः जोडलं होतं. आपण जोडलेलं विकत आणतोय! ज्यांच्या शेतावर मिहान उभं राहिलं त्यांच्या घरातलं पोरगंही घरच्यांकडून पैसे मागून असलं पॅकेज आणतं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. जमीन गेली ती शिकून काही तरी घडवेल म्हणून, आणि त्याला चार वर्षांत घडवायला मिळालं काय? एक बाइंडिंग.

यावर मला मिळालेली उत्तरं सांगते. पहिलं, ‘आता थ्रीडी प्रिंटर आहे, लेझर कटर आहे, पुठ्ठे कापायचे दिवस गेले.’ प्रिंटर चांगलाच आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. पण नेटवरून उतरवलेली फाइल प्रिंट करणं हेही किटच, डबा तेवढा अदृश्य आहे. फाइल स्वतः काढा, मग खुशाल प्रिंट करा. तरी पहिली वस्तू हाताने करावी असं मला वाटतं, कारण पुठ्ठा कुठे वाकतो आणि कुठे चिरतो हे बोटांना कळतं, माउसला कळत नाही.

दुसरं उत्तर, ‘हे लहान पोरांचे खेळ आहेत.’ मग पाचशे मीटरच्या टाकीत काय म्हातारे खेळतात? हेच करतात, जास्त काळजीने करतात.

तिसरं उत्तर सगळ्यात प्रामाणिक होतं, ‘याला मार्क किती?’ शून्य! आणि इथेच आपल्या कॉलेजने काही करायला हवं असं माझं म्हणणं आहे. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण वर्षानुवर्षं तोच लाकडी जॉइंट आणि तोच लोखंडी चौकोन घासतो, आणि निम्मे जॉब मागच्या बॅचचे असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला एक जॉब काढा. त्याऐवजी चार-चार जणांच्या गटाला एक खरी वस्तू द्या, जहाज, पूल, पाणचक्की, काहीही. अट तीनच. किट नाही, सामान घरात मिळणारं, आणि शेवटी ती वस्तू सगळ्यांसमोर तपासायची : जहाज पाण्यात, पूल वजनाखाली. रिपोर्ट चार पानांचा, हाताने लिहिलेला, आकडे स्वतः मोजलेले. बाइंडिंग नको. अशी वस्तू दुकानात मिळणार नाही असं नाही, पण टाक्याशी उभं राहून ‘हे 439 ग्रॅमच का?’ या प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळत नाही.

आणि कुणी म्हणेल, आम्हाला शिकवणारं कोणी नाही, आमच्याकडे त्यातले तज्ज्ञ नाहीत. तर एक जुनी गोष्ट आठवून बघा. 1659 च्या सुमारास कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराजांनी लढाऊ जहाजं बांधायला घेतली तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीजांना धोका उमगला, त्यांनी सूत्रं हलवली आणि ते कारागीर काम टाकून निघून गेले. तज्ज्ञ गेले! आपल्याकडे यावर कमिटी बसली असती. तिथे काम चालूच राहिलं. 1664 मध्ये सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं, आणि फेब्रुवारी 1665 मध्ये महाराज स्वतः आरमार घेऊन समुद्रमार्गे बसरूरवर गेले. सहाच वर्षांत! शिकवणारा निघून गेल्यावर आपल्याला काय येतं, तेवढंच आपलं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या सेमिस्टरला घरी आलेल्या लग्नपत्रिका रद्दीत टाकू नका. लिअँडर करा, नवी विक्रांत करा, नाहीतर कान्होजी आंग्र्यांचं गुराब करा. विक्रांत 262 मीटरची आहे, एकास पाचशे मापाने अर्ध्या मीटरच्या वर जाईल, म्हणजे टेबल मोठं लागेल एवढं आधी सांगून ठेवते. वजनाचा हिशेब मात्र स्वतः काढा. मी काढलेला विचारायला येऊ नका, सांगणार नाही!